आलं सोडून काहीही

गाडी लागणं म्हणजे नेमकं काय, हे सासूबाईंना स्वतःला कधी कळलं नव्हतं, पण त्यावरचे उपाय त्यांना तोंडपाठ होते. मुलींच्या शाळेच्या वसतिगृहात त्यांनी एकतीस वर्षं स्वयंपाक केला. दर वर्षी सहल निघाली की दोन बस भरून मुली, त्यांच्यामागे चार शिक्षिका, आणि सगळ्यांत शेवटी बादली, लिंबं आणि आल्याची पुरचुंडी घेऊन सासूबाई. पहिल्या वळणावर मुलींचे चेहरे उतरायचे, दुसऱ्या वळणावर शिक्षिकांचे. सासूबाई मात्र चालत्या बसमध्ये कशालाही न धरता उभ्या राहायच्या. कुणाला मीठ लावलेला आल्याचा तुकडा, कुणाला हुंगायला लिंबाची फोड, कुणाच्या दाढेखाली लवंग, असं वाटप करत त्या पुढून मागे आणि मागून पुढे फिरायच्या. एखादी फारच पांढरी पडली तर तिला विचारायच्या, पोट आहे की फाटकी पिशवी, जरा धरून ठेव की. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी गल्लीतलं कुणी प्रवासाला निघालं की आधी त्यांच्या दारात यायचं.

आणि एवढ्या जाणत्या बाईच्या उपायामुळेच घरच्या सुनेची नोकरी जायची वेळ आली होती.

सून चहा चाखायची. तेच तिचं काम होतं. मळ्यांवरून चहाच्या पत्तीचे नमुने कंपनीच्या गावातल्या कचेरीत यायचे, आणि कोणता माल उंची, कोणता करपलेला, कोणता गोदामातल्या ओलीनं कुबट झालेला, हे ती जिभेनं सांगायची. कचेरीत तिला सगळे टेस्टरबाई म्हणत. चौदा वर्षं त्या जिभेनं दगा दिला नव्हता. पण यंदा कंपनीनं खालची कचेरी बंद करायचं ठरवलं. चाखायचं काम आता वर डोंगरातल्या कारखान्यात होणार होतं, आणि कारखान्यापर्यंत एकोणसाठ वळणांचा घाट होता. सुनेला झोपाळ्यावर बसलं तरी मळमळायचं. त्यात वरची जागा फुकट मिळणार नव्हती. तिथल्या मुख्य परीक्षकांनी चाचणी ठेवली होती, चोवीस कप ओळखण्याची.

महिन्यापूर्वी ती पहिल्यांदा वर गेली. निघताना ती म्हणत होती की आज जिभेला काही नको. सासूबाई म्हणाल्या, चिमूटभर आल्यानं काय आभाळ कोसळतंय, आणि डबी भरून तुकडे तिच्या पर्समध्ये कोंबले. पहिल्या वळणालाच सुनेच्या पोटात ढवळायला लागलं, आणि घाबरून तिनं अर्धी डबी चघळून संपवली. उपाय लागू पडला. एकोणसाठ वळणांत ती एकदाही ओकली नाही. फक्त चोवीसच्या चोवीस कप तिला आल्याचे लागले आणि त्यांतले नऊ चुकले. मुख्य परीक्षक भला माणूस. तिची आधीची चौदा वर्षं लक्षात घेऊन त्यांनी आणखी एक संधी दिली. तीही गेली, तर ती जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

सुनेनं घरी येऊन हे सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि सासूबाईंना एका शब्दानं बोल लावला नाही. तेच त्यांना फार लागलं. ती भांडली असती तर त्याही चार शब्द ऐकवून मोकळ्या झाल्या असत्या. आता महिनाभर तो अपराध त्यांच्या एकटीच्याच डोक्यावर बसला होता, आणि आल्याकडे पाहिलं तरी त्यांना चोरट्यासारखं व्हायचं.

दुसरी चाचणी गुरुवारी होती. रविवारी दुपारी सासूबाईंनी सुनेला स्वयंपाकघरात समोर बसवलं आणि विचारलं, आलं सोडून काय चालेल ते सांग. लिंबू? आंबटपणा तासभर जिभेवर बसतो. लवंग? तिनं जीभ बधिर होते. बडीशेप? तिचा गोडसर वास मागे रेंगाळतो. पुदिना? तो तर आल्याहून चिवट. खायचं राहू दे, नुसतं हुंगलं तर? नाक गेलं की जीभ गेलीच, सून म्हणाली, अर्धी चव नाकातच असते. मग कपाळाला बाम? यावर सुनेनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

सासूबाईंनी हात टेकले. एकतीस वर्षांचं शहाणपण पाच मिनिटांत निकालात निघालं होतं.

"मग उरलं काय? वारा?"

"वारा चालेल," सून म्हणाली.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनं सांभाळायचा आणि वर्षातले आठ महिने समुद्रावर असायचा. त्याला आधीच सगळं ठाऊक होतं. सासूबाईंनी त्याला विचारलं की बाबा रे, तुमच्याकडे पोरं आजारी पडतात तेव्हा काय करता. तो हसला. म्हणाला, औषधबिवषध नंतर. नवं माणूस जहाजावर आलं की आम्ही आधी त्याला सुका पाव खायला घालतो, मग वर नेऊन लांब, पाणी आभाळाला टेकतं तिकडे बघायला लावतो. रिकामं पोट सगळ्यांत आधी उलटतं, आई. भरलेलं पोट त्यानंतर.

फोन ठेवून सासूबाई सुनेकडे वळल्या.

"तू कामाच्या दिवशी सकाळी काय खातेस गं?"

"काहीच नाही. जीभ कोरी राहावी म्हणून. आम्ही सगळेच तसं करतो."

"आणि त्या दिवशी घाटात?"

"तेव्हा पोटात तुमचं आलंच काय ते होतं."

सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. वसतिगृहात त्यांनी एकाही मुलीला उपाशीपोटी बसमध्ये चढू दिलं नव्हतं. पहाटे उठून त्या दोन बसभर मुलींना खायला घालायच्या, मग बादली उचलायच्या. तो त्यांचा पहिला नियम होता, आणि इतका अंगवळणी पडलेला की उपाय म्हणून त्यांनी तो कधी मोजलाच नव्हता. गल्लीतल्या सगळ्यांना त्यांनी आलं दिलं, लवंग दिली, सल्ले दिले, पण आधी दोन घास खाऊन निघा, हे कुणाला सांगायचं त्यांना सुचलं नव्हतं.

मग काय, घोडं कुठे अडलं होतं ते तरी कळलं. पोटात काहीतरी हवं होतं आणि जिभेवर काहीही नको होतं. जन्मभर पदार्थाला चव आणण्याचा उद्योग केलेली बाई सोमवारी सकाळपासून चव काढून टाकण्याच्या मागे लागली.

पहिल्यांदा बिनमिठाचा भात झाला. सून डोळे मिटून टेबलाशी बसली, एक घास तोंडात घोळवला आणि म्हणाली, गोड आहे, तांदूळ जुना आहे, आणि या पातेल्यात काल कांदा परतला होता. सासूबाईंनी पातेलं तीनदा घासलं. मग उकडलेला बटाटा झाला. त्याला सालीजवळ माती लागत होती. साल जाड काढून पुन्हा उकडला, तर म्हणाली आतून बरा आहे, पण पाण्याला नळाचा वास आहे. ताज्या पावाला आंबूस चव होती. मंगळवारी रात्रीच्या जेवणाआधी सासूबाईंनी हातातला चमचा आपटला आणि हवेलाही चव असेल तर तेही एकदा सांगून टाक म्हणून सुनावलं. सुनेनं निमूट हुंगलं आणि म्हणाली, शेजारी काहीतरी करपतंय.

बुधवारी सकाळी जमलं. दोन दिवसांचा शिळा पाव, कडा कापून टाकलेला, स्वच्छ तव्यावर अगदी मंद आचेवर ठेवून नुसता वाळवलेला. रंग यायच्या आत उतरवायचा, नाहीतर करपट लागतो. सुनेनं तो बराच वेळ चावला, वर घोटभर पाणी प्यायली आणि डोळे उघडले. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू होतं.

"आई, याला काहीच चव नाही."

सासूबाईंना बक्षीस मिळाल्यासारखं झालं. पोळपाट पुसायचं निमित्त करून त्यांनी तोंड फिरवलं, आणि तेव्हाच त्यांच्या मनात आलं की सोळा वर्षांत हिनं आपल्या हातच्या पदार्थाला दिलेली ही पहिली दाद. रोज पानात पडेल ते ती मुकाट्यानं जेवायची. छान झालंय नाही, बिघडलंय नाही. वसतिगृहात तीनशे मुली याच हातचं ताटं चाटूनपुसून खायच्या, आणि चवीची अख्खी कंपनी जिच्या शब्दावर चालते ती घरची सून गप्प. म्हणजे बोलण्यासारखं काही नसणार, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. विचारायची मात्र कधी छाती झाली नव्हती.

बाकीची तयारी त्यांनी तासाभरात उरकली. सुनेच्या दोन्ही मनगटांना आतल्या बाजूनं, तळव्यापासून तीन बोटं सोडून, कोटाचं मोठं बटण ठेवून वरून पट्टी बांधायची. शाळेतल्या एका जुन्या शिक्षिकेचा हा उपाय होता आणि तो ना खायचा ना हुंगायचा. कमरेचा पट्टा सैल. पुढची जागा. मोबाइल पर्समध्ये बंद. मान मागे टेकलेली, नजर रस्त्याच्या दूरच्या टोकाला. मळमळलं की चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. गुरुवारी कारखान्याची गाडी न्यायला आली, तेव्हा सासूबाईंनी आत डोकं घालून आधी ड्रायव्हरच्या आरशाला लटकणारा सुगंधी पुठ्ठा काढायला लावला. मग त्या स्वतःही मागे चढून बसल्या. मी येतेय, एवढंच त्यांनी जाहीर केलं.

मागे दोन आडवी बाकं होती, समोरासमोर. सासूबाई एकावर बसल्या, मांडीवर पिशवी घेऊन. पिशवीत सवयीनं घेतलेलं आलं होतं, डब्यात घालून, डबा दोन पिशव्यांत गुंडाळून, म्हणजे वास फुटायला नको. सुनेनं पहाटे चार टोस्ट खाल्ले होते आणि दोन रुमालात ठेवले होते. सासूबाईंनी काही खाल्लं नव्हतं. काळजीनं घास उतरत नव्हता.

घाट सुरू झाला. पाचवं वळण, दहावं, पंधरावं. सासूबाईंची नजर सुनेच्या मानेवर खिळलेली. ती मान जरा जरी पुढे झुकली तरी त्या बाकाच्या कडेला सरकायच्या. पण मान ताठ होती. ड्रायव्हर तिला आधीच सांगत होता, आता डावीकडे, आता लांब वळण आहे, आणि ती हळूच हो म्हणत होती. विसाव्या वळणावर तिनं काचेतून दूरवरच्या कड्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलंसुद्धा. सासूबाईंचा जीव भांड्यात पडू लागला होता. आणि तेव्हाच त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं.

भुकेचं नव्हे. हे वेगळंच पाणी होतं, कडवट, जिभेच्या बुडाशी येणारं. मानेला घाम फुटला, हात गार पडले. आधी त्यांना वाटलं हृदयाचं काहीतरी. मग वाटलं वय झालं. बाक डावीकडे कलला आणि पोट उजवीकडेच राहिलं, तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की हे ते आहे. दोन बसभर पोरींना एकतीस वर्षं जे होत होतं आणि ज्यावर आपण पिशवीचे विनोद करत होतो, ते हे. त्यांना त्या सगळ्या पांढऱ्याफटक चेहऱ्यांची मनापासून माफी मागावीशी वाटली.

औषध मांडीवर होतं. डबा उघडायचा, एक तुकडा दाढेखाली धरायचा, दोन मिनिटांत आराम. पण त्या बंद गाडीत आल्याचा वास सुटला असता तर पुढच्या दोन सीटपर्यंत पोचायला त्याला एक वळणही लागलं नसतं. सासूबाईंनी पिशवीवर दोन्ही हात दाबून धरले आणि दात आवळले. तिसाव्या वळणावर त्यांना रुमाल तोंडाशी न्यावा लागला. पस्तिसाव्याला त्यांनी डोळे मिटले, आणि त्यानं तर आणखीच भोवंडलं.

"गाडी थांबवा," सून म्हणाली. तिनं आरशात पाहिलं होतं.

गाडी कडेला थांबली. सून उतरून मागे आली, दार उघडलं आणि सासूबाईंना हाताला धरून खाली घेतलं. सासूबाई दगडावर बसल्या आणि पहिल्यांदा जे व्हायचं ते झालं. सून त्यांची पाठ चोळत होती. ड्रायव्हरनं पाण्याची बाटली आणून दिली.

"आलं आहे ना तुमच्याकडे? खा एक तुकडा."

"वेडी आहेस का? तुझं नाक जाईल."

"आई, तुम्ही मघापासून असं बसून होतात?"

"एकदा घातलंय ना खड्ड्यात तुला. पुरे झालं तेवढं," सासूबाई म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांचं ते एकदाचं तोंडाबाहेर पडलं म्हणून की पोट रिकामं झालं म्हणून, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

सुनेनं रुमालातले दोन टोस्ट काढून त्यांच्या हातात दिले आणि संपेपर्यंत समोर उभी राहिली. मग म्हणाली, चला, चालू या. चाचणीला अजून तासभर होता. दोघी रस्त्याच्या कडेनं चालू लागल्या, ड्रायव्हर गाडी मागून हळूहळू आणत राहिला. गार वारा तोंडावर येत होता. चार वळणं पायी झाली, तशी सासूबाईंच्या गालांवर रंग आला आणि त्या एका अवघड कोपऱ्यावर थांबून रस्ता बांधणाऱ्यांना नावं ठेवू लागल्या. म्हणजे बरं वाटत होतं. मग ड्रायव्हरनं आपल्या बाजूची अडगळ मागे टाकली आणि पुढच्या सीटवर तिघं दाटीवाटीनं बसले. सुनेच्या एका मनगटाची पट्टी आता सासूबाईंच्या मनगटावर होती. उरलेली वीस वळणं दोघींनी दूर बघत आणि चार-सहा मोजत काढली. कोण कुणाला धीर देत होतं हे ड्रायव्हरला कळलं नसतं.

चाखायच्या खोलीला काचेची भिंत होती आणि बाहेर बाकडं होतं. सासूबाई त्यावर बसून बघत राहिल्या. सुनेला काम करताना त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. लांब ओट्यावर चोवीस पांढरे कप, प्रत्येकामागे ओल्या पत्तीची छोटी वाटी. सून आधी पत्ती हुंगायची, मग चमचाभर चहा तोंडाशी नेऊन असा जोरदार फुरका मारायची की तो काचेबाहेर ऐकू यायचा. घरी कुणी आवाज करत चहा प्यायलं की त्याच्याकडे डोळे वटारून बघणारी ती बाई. आणि मग, सासूबाई सावरून बसल्या, ती तो सगळा घोट शेजारच्या उंच भांड्यात थुंकून टाकायची. पहिला कप, दुसरा, तिसरा. उत्तम चहा, वाईट चहा, सगळा सारखाच भांड्यात. थेंबसुद्धा गिळत नव्हती.

मुख्य परीक्षक वही घेऊन तिच्यामागून चालत होते. ते काही विचारायचे, ती दोन शब्दांत सांगायची. सोळाव्या कपाशी ती थांबली. पुन्हा हुंगलं, पुन्हा चाखलं, मागे जाऊन चौथा कप पुन्हा चाखला. सासूबाईंच्या बोटांनी बाकड्याची कड घट्ट धरली. सून परीक्षकांना काहीतरी म्हणाली, आणि त्यांनी वहीतून डोकं वर काढलं आणि हसले.

नंतर कळलं ते असं की सोळावा कप म्हणजे चौथाच माल होता, पण त्यांच्या माणसानं चुकून जास्त वेळ पाण्यात ठेवलेला. चूक परीक्षकांकडची होती आणि ती तिनं पकडली. बाकी तेवीस बरोबर होते. पुढच्या महिन्यापासून आठवड्यातून तीन दिवस वर यायचं, असं ठरूनच सून बाहेर आली. सासूबाई उठून दाराशी गेल्या आणि आधी तिच्या खांद्यावरची पर्स आपल्या हातात घेतली.

दोघी बाहेर पायऱ्यांवर बसल्या. ड्रायव्हर जेवायला गेला होता. ऊन छान होतं. सासूबाईंच्या मनात आलं, आता नाही तर कधीच नाही.

"एक विचारते. खरं सांग. माझ्या हातचं जेवण तुला कसं लागतं?"

सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं आणि थट्टा नाही हे तिला कळलं.

"मीठ जरा जास्त असतं," ती म्हणाली. "भाजी पाच मिनिटं आधी उतरवायला हवी. आणि तेल तुम्ही फार तापवता."

सासूबाईंनी मान हलवली. भाजीचं त्यांना माहीत होतं. तीनशे ताटं वाढेपर्यंत गरम राहावी म्हणून लागलेली सवय होती ती.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बघितलंत ना आत. दिवसाला दोनशे कप तोंडात घेते. कसा आहे, काय चुकलं, ते सांगते आणि थुंकून टाकते. त्यातलं काही माझ्या पोटात जात नाही." ती मनगटावरची पट्टी सोडत होती, बोटं अडखळली. "घरी आल्यावर मला चाखायचं नसतं, आई. तुमच्या हातचं तेवढं मी जेवते."

समोरचा कारखाना, त्याची धुरांडी, उभी गाडी सगळं अंधुक झालं, आणि सासूबाईंनी ते तसंच होऊ दिलं.

"भूक लागली असेल तुला," अखेर त्या म्हणाल्या.

"फार," सून म्हणाली.